मिरजेची एक फेरी

भूमध्य समुद्रांतील ऱ्होड्स बेटावर त्याच नांवाचें जें शहर आहे, तें पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशाला फारसे श्रम पडत नाहींत. बंदरावर पाय ठेवतांच समोर तट उभा दिसतो. सुमारें चार किलोमीटर घेराच्या त्या तटाच्या आंत शिरलें कीं, दगडी फरसबंदीचा एक सरळ रस्ता लागतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस युरोपांतील निरनिराळ्या देशांतून आलेल्या धर्मयोद्ध्यांचीं निवासगृहें ओळीनें दिसूं लागतात. याच योद्ध्यांनीं पंधराव्या शतकांत बांधलेलें रुग्णालय रस्त्याच्या टोंकाशीं अद्याप उभें असून त्यांत आज पुराणवस्तूंचें संग्रहालय आहे. १५२२ सालीं तुर्कांचा सुलतान सुलेमान यानें वेढा घालून तें शहर घेतलें. योद्धे बेट सोडून गेले, सुलेमानाच्या नांवाची मशीद उभी राहिली, परंतु जुने दगड जागच्या जागीं राहिले. इतिहास तेथें आपण होऊन प्रवाशाच्या समोर येतो.

मिरजेचें तसें नाहीं. कृष्णाकांठचें हें शहर ऱ्होड्सच्या त्या तटाहून चार-पांच शतकांनीं तरी जुनें आहे. येथें सांपडलेला कल्याणीच्या चालुक्यांपैकीं जयसिंह राजाचा ताम्रपट १०२४ सालचा आहे, म्हणजे त्या तारखेस एक हजार वर्षें होऊन गेलीं. येथेंही किल्ला होता, वेढे पडले, सत्ता बदलल्या. देऊळ, दर्गा आणि रुग्णालय हीं येथेंही शेजारीं शेजारीं आहेत. परंतु जो मनुष्य केवळ दगड पाहण्यासाठीं मिरजेस उतरेल, तो पुढच्या गाडीनें परत जाईल हें निश्चित.

तसें पाहिलें तर मिरजेचें स्टेशन ठाऊक नाहीं असें कुटुंब दक्षिण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जावें, पंढरपुरास जावें, बेळगांव-हुबळीकडे लग्नकार्यास जावें, गाडी बदलावयाची ती मिरजेस. एके काळीं रुंद, मध्यम आणि अरुंद असे तिन्ही प्रकारचे रूळ या एका स्टेशनांत एकत्र येत. एप्रिल २०१६ मध्यें लातुरांत पिण्याचें पाणी आटलें, तेव्हां कृष्णेचें पाणी भरून जी आगगाडी तिकडे धांवली तीही येथूनच सुटली. पहिल्या खेपेस दहा डब्यांतून पांच लाख लिटर पाणी गेलें. मिरजेची नदी अशा रीतीनें मांजरेच्या कांठीं जाऊन आली, ही गोष्ट पुढें कोणी बखरकार झालाच तर त्यानें विसरूं नये. असो. स्टेशन सर्वांस ठाऊक, गांव मात्र फलाटावरून दिसत नाहीं.

गांवांत शिरलेला प्रवासी प्रथम किल्ल्याची वाट विचारतो. वाट सांगणारे पुष्कळ भेटतात, कारण ‘किल्ला’ हें आतां एका वस्तीचें नांव आहे. मिरजेचा कोट भुईकोट. भोंवतालीं डोंगर नाहीं, कडा नाहीं. सपाट काळ्या रानांत तट आणि खंदक एवढेंच त्याचें बळ. त्यांतील तट बहुतेक नाहींसा झाला आहे, खंदक ठिकठिकाणीं बुजून गेला आहे, आणि जेथें एके काळीं चौक्या-पहारे असत तेथें न्यायालय व सरकारी कचेऱ्या आहेत. तारखेसाठीं आलेला पक्षकार ज्या जमिनीवर ताटकळत उभा असतो, तिच्यासाठीं किती मोहिमा झाल्या हें त्याला कोणी सांगत नाहीं.

त्या मोहिमांपैकीं दोन तरी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. अफझलखानाचा वध झाल्यावर अवघ्या अठरा दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्यें, शिवाजी महाराजांनीं पन्हाळा घेतला आणि लगोलग मिरजेस वेढा दिला. डोंगरी किल्ले एका रात्रींत हस्तगत करणाऱ्या मराठ्यांना हा सपाटीवरचा कोट मात्र लवकर दाद देईना. तेवढ्यांत सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन विजापुराहून येत असल्याची वर्दी आली आणि १६६० च्या मार्चमध्यें महाराज वेढा उठवून पन्हाळ्यावर गेले. पुढें पन्हाळ्याचा वेढा, पावनखिंड आणि बाजी प्रभू हें सर्व मराठी मुलास तोंडपाठ असतें. परंतु त्या कथेच्या आदल्या पानावर मिरज आहे, हें पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळींत आटोपतें. दुसरी मोहीम त्यांच्या नातवाची. शाहू छत्रपतींनीं १७३९ सालीं मिरज मोंगलांपासून घेतली. सातारा सोडून फारसे बाहेर न पडणारे छत्रपति या मोहिमेसाठीं स्वतः निघाले होते, यावरून या ठाण्याचें महत्त्व कळून येतें.

पेशवाईच्या उत्तरकाळीं मिरज पटवर्धन सरदारांकडे आली. कर्नाटकांत हैदर व टिपू यांच्याशीं ज्या लढाया झाल्या, त्यांचा मोठा भार या घराण्यानें उचलला. पुढें घरांत दुफळी झाली. चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्यांशीं न पटल्यामुळें १८०१ च्या सुमारास मिरज सोडून निघाले आणि त्यांनीं जवळच कृष्णाकांठीं सांगली वसविली. म्हणजे आजचें जिल्ह्याचें ठिकाण हें मिरजेच्या एका घरगुती भांडणाचें फळ आहे! १८२० सालीं उरलेल्या मिरजेचेही थोरली पाती व धाकटी पाती असे दोन भाग झाले, आणि १९४८ सालीं हीं सर्व संस्थानें मुंबई राज्यांत विलीन झालीं.

हें सारें आज सांगतां येतें तें कशाच्या बळावर? तटाच्या नव्हे, कागदांच्या. आणि ते कागद उजेडांत आणणारा पुरुष सरदार नव्हता कीं कारभारी नव्हता. तो मिरजेच्या हायस्कुलांतील संस्कृतचा शिक्षक होता. वासुदेवशास्त्री खरे हे मूळचे कोंकणांतील गुहागरचे. शास्त्रीबुवा मिरजेस आले ते मुलांना शब्द आणि धातु घोकवावयास. परंतु त्यांचें लक्ष गेलें पटवर्धनांच्या दप्तरांत पडून राहिलेल्या मोडी रुमालांकडे. फडक्यांत बांधलेले ते कागदांचे गठ्ठे म्हणजे सरदारांनीं छावणीवरून घरीं पाठविलेलीं, पुण्याहून वकिलांनीं धाडलेलीं, कारकुनांनीं घाईघाईनें लिहिलेलीं पत्रें. कोठें वाळवी, कोठें ओल, कोठें तारखेचा पत्ता नाहीं. शाळेचें काम संभाळून शास्त्रीबुवांनीं तीं वाचलीं, निवडलीं, कालानुक्रमानें लाविलीं आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें छापावयास आरंभ केला. १९२४ सालीं ते वारले, तोंपर्यंत या संग्रहाचे बारा भाग झाले होते.

या कामाची योग्यता समजण्यास एक गोष्ट ध्यानीं घ्यावयास हवी. पत्र लिहिणारास पुढें काय होणार हें ठाऊक नसतें. बखरकार निकाल लागल्यावर लिहितो, त्यामुळें त्याचे शूर आधींपासून शूर आणि भेकड आधींपासून भेकड असतात. छावणींतून लिहिणारा मात्र आज दाणावैरण महाग झाली, पगार थकला, पावसानें वाट अडली, हेंच लिहितो. पानिपतानंतर मराठ्यांनीं पुन्हां कसें डोकें वर काढलें, हें जाणण्यास अशा पत्रांसारखें दुसरें साधन नाहीं. ऱ्होड्सच्या लोकांनीं आपला तट राखला. मिरजेचा तट गेला, परंतु एका शाळामास्तरामुळें मिरजेचे कागद राहिले. दोहोंपैकीं काय राखणें अधिक कठीण होतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र गांवांत शास्त्रीबुवांची आठवण किती घरांत आहे असें विचारल्यास उत्तर समाधानकारक मिळेलच असें नाहीं.

रुग्णालयाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तें मिरजेबाहेरही सर्वांस माहीत आहे. मूळचे कॅनडाचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय उघडलें, आणि लवकरच ‘दुखणें मोठें, मिरज गांठा’ असा दूरदूरच्या लोकांचा परिपाठ होऊन बसला. परंतु त्यापूर्वींच औषधोपचारासाठीं मिरजेस आलेला एक मुलगा या गांवाच्या इतिहासांत निराळ्याच कारणानें अमर झाला आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या दृष्टीला फटाक्यांच्या दारूनें इजा झाली होती. शाळेचा अभ्यास खुंटला, आणि मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांची संगीताची तालीम सुरू झाली. याच शिष्यानें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गाणें दरबारांतून काढून मध्यमवर्गाच्या घरांत नेलें. १९३१ सालीं त्यांनीं देह ठेविला तोही मिरजेंतच.

गाण्याचा विषय निघाला म्हणजे पावलें दर्ग्याकडे वळतात. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा हा दर्गा हिंदु-मुसलमान दोघांचाही आहे. उरुसांत पहिला मानाचा गलेफ अर्पण करण्याचा हक्क गांवच्या चर्मकार समाजाचा आहे, आणि तो हक्क आजही चालतो. ज्या काळांत याच समाजाला पुष्कळ देवळांच्या पायऱ्यांखालीं थांबावें लागे, त्या काळांतही हा मान तसाच होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या चादरीची किंमत कळते.

दर्ग्याच्या आवारांत अब्दुल करीम खांसाहेबांची कबर आहे. उत्तरेंतील कैराना गांवचे हे गवई दक्षिणेंत येऊन येथले झाले. आजारी असतां या दर्ग्यांत सेवा करून बरे झाल्याची त्यांची श्रद्धा होती, आणि मीरासाहेबांपुढें गाणें हा त्यांचा नेम झाला. ऑक्टोबर १९३७ मध्यें मद्रासहून पॉंडिचेरीस जातांना वाटेंत त्यांना अस्वस्थ वाटूं लागलें. एका लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावरच पथारी पसरून त्यांनीं सूर लावून ईश्वराची आळवणी केली आणि तेथेंच प्राण सोडला. देह मिरजेस आणला गेला. तेव्हांपासून उरुसाच्या वेळीं त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा होते. मोठमोठे कलावंत तेथें हजेरी लावण्यास येतात, आणि समोर बसलेल्यांत हमाल असतो, टांगेवाल्याचा नातू असतो, पुण्याहून मुद्दाम आलेला रसिकही असतो. तिकिटाचें नांव नाहीं.

खांसाहेबांना आणखी एक नाद होता. बिघडलेलें वाद्य ते स्वतः दुरुस्त करीत. गवयाला हा नाद लागण्यास मिरजेसारखें दुसरें गांव नव्हतें, कारण सतारी आणि तंबोरे करणारांची गल्ली तेथेंच आहे. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. राज्यें गेलीं, तलवारी खुंटीला लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब नांवाच्या कसबी माणसानें हत्यारें सोडून तंतुवाद्यें हातीं घेतलीं. त्यांच्या वंशजांचें आडनांवच सतारमेकर पडलें. किल्ल्याचें शस्त्र जाऊन त्याचें वाद्य कसें झालें, याचा पुरावा पाहिजे असल्यास तो येथें मिळतो.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें येतो. तो भाजीचा नव्हे. जाड सालीचा, कडू, मोठ्या घेराचा. महिनोन् महिने टांगून वाळविल्यावर त्याला पाण्यांत भिजवितात, कापतात, आंतून साफ करून आकार देतात. दांडीला आणि वरच्या तबलीला तुणाचें मुरलेलें लांकूड लागतें. मग लाखेचें काम, नक्षी, खुंट्या. येथवर चांगल्या सुताराच्या हातून निभावेल. खरी परीक्षा पुढें, जवारी काढतांना. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा कानसीनें इतका बेतानें घांसावयाचा, कीं तार तिला टेंकतेही आणि टेंकतही नाहीं. तेव्हांच ती नुसती वाजत नाहीं, तर गुंजते. केसाइतकें अधिक घांसलें तर आवाज मुका होतो. याला माप नाहीं, पट्टी नाहीं. कान आणि बोटें एवढींच साधनें. मुलगा बापाच्या शेजारीं बसून वर्षानुवर्षें ऐकतो, तेव्हां कोठें त्याला कानस हातीं मिळते.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें दुसऱ्या गांवच्या मालावर मिरजेचें नांव घालणारास अटकाव होईल, आणि ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु मानांकनानें कानस चालत नाहीं. गवयांच्या घरोघरीं आज विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी आहे. ती स्वस्त, हलकी आणि हवामान बदललें तरी न उतरणारी. पुष्कळांना तर खिशांतील फोनच पुरेसा होतो. गल्लींतील शिकलेला मुलगा बांकावर बसून दहा वर्षें कान तयार करील, कीं दुसरी नोकरी पत्करील, याचें उत्तर बापालाही ठाऊक नसतें, आणि नोकरी पत्करली तर त्याला दोष कोण देईल? तट पडतांना धूळ उडते, लोकांस दिसतें. हातांतील कसब जातें तेव्हां आवाजही होत नाहीं.

म्हणून ज्यास मिरज पाहावयाची असेल, त्यानें गल्लींत सायंकाळीं जावें. दिवसाच्या घणघाणींत जवारी ऐकूं येत नाहीं. ती कामें बहुधा गलबला ओसरल्यावर होतात. दारांत वाळत टांगलेले भोपळे, जमिनीवर लांकडाचा भुसा, आणि आंत दिव्याखालीं एक म्हातारा तंबोरा आडवा घेऊन बसलेला. तो तार छेडतो, मान कलती करतो, कानशीचा एकच हात फिरवतो, तारेखालीं सुताचा दोरा किंचित् सरकवतो आणि पुन्हां छेडतो. शेजारचा पोरगा कांहीं विचारूं लागला, तर तो बोट वर करून त्याला थांबवतो. तार अजून वाजत असते.