शेतकरी कुटुंबातील ताणतणाव आणि फोनवरील समुपदेशन

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येच्या माणसाने खत, पाणी आणि आंतरमशागत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. शिवारफेरीत पिकाचे प्रश्न विचारून झाले की बांधावरचे बोलणे हळूहळू घराकडे वळते. मुलगा बारावीला आहे, पण घरात बोलतच नाही. सोसायटीचे कर्ज थकले आहे, ते बायकोला माहीत नाही. रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. या प्रश्नांसाठी विद्यापीठाच्या शिफारशींत एकरी मात्रा दिलेली नसते. परंतु विचारायचे कोठे, हे निश्चित सांगता येते, आणि आता ते घरबसल्या फोनवरूनही विचारता येते.

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतो. एक पतंग दिसला म्हणून कोणी पंप पाठीवर घेत नाही आणि बोंडे किडेपर्यंत वाटही पाहत नाही. ताणाकडेही असेच पाहावे. पाऊस लांबला, भाव पडला, तर काळजी वाटणारच. तो आजार नव्हे. पण उदासी, कशातच रस नसणे, झोप आणि भूक बिघडणे, हातून नेहमीचे काम न होणे हे सलग दोन आठवडे चालू राहिले तर सल्ला घ्यावा. पुरुषांत हा ताण पुष्कळदा चिडचिडीतून किंवा वाढत्या दारूतून दिसतो. बाईमाणूस डोके दुखते, जीव घाबरतो असे सांगते आणि गोळी घेऊन पुन्हा कामाला लागते. लहान मुलाचे शाळेच्या वेळीच पोट दुखते. मात्र कुणाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी हालचाल करावी.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. तो न लागल्यास १८००-८९१-४४१६. सेवा मोफत असून २४ तास चालते आणि मराठीसह २० भाषांत मिळते. तिची मध्यवर्ती सूत्रे बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेकडे आहेत. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये या सेवेचे मोबाईल ॲप आणि व्हिडिओवरून सल्ल्याची सोयही सुरू झाली. पण साध्या बटणांच्या फोनवरूनही हे काम होते, हे विसरू नये.

फोनवर नुसते बोलून काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. समजा, एका घरची चार एकर सोयाबीन आहे. थोरला मुलगा वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी लातूरला ठेवला आहे. खोलीभाडे, मेस आणि फी यांसाठी उसनवारी झाली आहे. वडील रोज रात्री फोन करून चाचणीचे गुण विचारतात. पुढे मुलगा फोनच उचलेनासा होतो. वडील आईवर चिडतात, आई दोघांच्या मध्ये भरडली जाते. समुपदेशक यात कोण चुकले याचा निवाडा करत नाही. तो आपल्या भावकीतला पंच नव्हे. तो प्रत्येकाला पुरते बोलू देतो, आणि पुष्कळ घरांत हे प्रथमच घडते. मग गुंता सोडवायला घेतो. मुलाशी बोलताना पहिला प्रश्न कोणता असतो? आठवडाभर गुणांचा विषय न काढता बोलता येईल का? बँकेचे किती, सावकाराचे किती, उसने किती, हे एका कागदावर मांडले आहे का? तो आकडा घरात कुणाकुणाला ठाऊक आहे? कर्जाचे पुनर्गठन होते का, हे बँकेत विचारले आहे का? आज हातात असलेले एक काम ठरवायचे, ते करून पाहायचे आणि पुढच्या बोलण्यात त्याचा हिशेब द्यायचा. एका फोनमध्ये सारे सुटत नाही. एका पाण्यावर पीक निघत नाही, तसेच हे आहे.

बोलण्यासाठी निवांत जागा लागते. घरात माणसे असतील तर मळ्यात किंवा विहिरीवर, जेथे रेंज मिळते तेथे बसावे. बऱ्याच घरांत फोन कारभाऱ्याच्या खिशात असतो. तो अर्धा तास बायकोच्या हाती द्यावा आणि काय बोललीस म्हणून विचारू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने असा प्रसंग लपवून उपचार टाळू नयेत.

खाजगी समुपदेशकही इंटरनेटवरून पैसे घेऊन सल्ला देतात. त्यांत चांगले आहेत तसे भोंदूही आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडील आणि डॉक्टरची वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी विचारून घ्यावी. बँक खात्याची माहिती किंवा ओटीपी मागणारा समुपदेशक नसतो. कर्ज मिळवून देतो म्हणणाराही नसतो.

या सेवेने भाव वाढत नाही आणि कर्ज फिटत नाही. धोरणाच्या प्रश्नांची उत्तरे समुपदेशकाच्या गळ्यात घालणे मला मान्य नाही. ती ज्याने द्यायची त्याने द्यावीत. पण ती मिळेपर्यंत घर सावरून धरावे लागते. हे गावपातळीवर होऊ शकते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने दाखवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी १०० त ४ च्या आसपास होते, ते नंतर २७ वर गेले. तेथे गावचेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत होते. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत राज्य शासनाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही आशाताईंवरच भिस्त होती. फोन करायला मन धजत नसेल तर आशाताईंना सांगावे, त्या लावून देतील.

आता माझ्या विषयातले एक काम. कीटकनाशकाचे डबे माजघरात, माळ्यावर किंवा खाटेखाली राहू देऊ नयेत. लागेल तेवढेच आणावे आणि उरलेले घरापासून दूर, कुलूपबंद पेटीत ठेवावे. रागाचा किंवा निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर जीव वाचतो. घरात कुणी ताणाखाली असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. विष पोटात गेल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत घेऊन दवाखाना गाठावा, म्हणजे कोणते विष आहे हे डॉक्टरांना लगेच कळते. पेटीच्या झाकणावर आतून १४४१६ आणि १०८ हे दोन्ही आकडे रंगाने मोठे लिहून ठेवावेत.