घरी राहायला आलेल्या मावशी

मंठ्याहून किंवा घनसावंगीहून एखाद्या मावशी जालन्यात तुमच्या घरी राहून काम करायला आल्या, तर पहिल्याच दिवशी भांड्यांचा ढीग पुढे करू नका. आधी चहा द्या. पिशवी ठेवायला कोनाडा आणि आतून कडी लागेल अशी झोपायची जागा दाखवा. पगार किती, कोणत्या तारखेला, सुट्टी कधी, हे बोलून कागदावर लिहा. घरातच आहेत म्हणून रात्री अकराला हाक मारणं अजिबात बरोबर नाही.

चौदा वर्षांखालची मुलगी कामाला ठेवणं तर गुन्हाच, मग तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले का असेनात.

महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. या मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या घरेलू कामगारांची नोंदणी होते. त्यासाठी लागणारं मालकाचं प्रमाणपत्र तुम्हीच द्यायचं असतं.