जीर्णोद्धाराआधी मोजणी



जुन्या वास्तूच्या भिंतीला तडा दिसला की दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, सिमेंट भरून टाका. कोणी म्हणतात, सगळेच उतरवून नवे बांधा. परंतु तो तडा पूर्वीच पडून स्थिरावला आहे की आजही वाढतो आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. निदानाआधीच औषध देण्यासारखा हा प्रकार होय.

पुसद परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्याबरोबर पायाही हलतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. विदर्भातील हेमाडपंती मंदिरांचे दगड तर चुन्याविना, परस्परांतील खाचा व स्वतःचे वजन यांवरच उभे आहेत.

निदानासाठी आता लेसर स्कॅनर उपलब्ध आहे. हे यंत्र भिंतीवर प्रकाशकिरण सोडते आणि तो परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर मोजते. असे लक्षावधी बिंदू नोंदून संगणकावर वास्तूची त्रिमिती प्रतिकृती उभी राहते. भिंत किती झुकली, तुळई किती वाकली, हे मिलिमीटरमध्ये समजते. ऋतूनुसार होणारी हालचाल पूर्ववत होते. म्हणून दरवर्षी त्याच ऋतूत पुन्हा मोजणी करावी. तेव्हाही जो फरक उरतो, तोच चिंतेचा. पुढे अभियंते प्रतिकृतीचे लहान भाग पाडून कोठे किती भार येतो, याचे गणित मांडतात.

गुजरातमधील पाटणच्या राणी की वावची अशी मोजणी २०११ मध्ये झाली. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची मोजणी अँड्र्यू टॅलन या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१० च्या सुमारास केली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले; १५ एप्रिल २०१९ रोजी चर्चचे छप्पर जळाले. त्यांची नोंद मात्र पुनर्बांधणीच्या कामी आली.

अर्थात, या यंत्राला केवळ पृष्ठभाग दिसतो. भिंतीतील पोकळीसाठी रडार, पायासाठी खड्डा घेऊन तपासणी आणि दगड ओळखणाऱ्या पाथरवटाचा अनुभव हवाच.

म्हणून जीर्णोद्धाराचा ठराव करताना विश्वस्तांनी पहिली तरतूद मोजणीसाठी ठेवावी. पूर्वजांनी बसवलेला दगड उतरवणे सोपे असते. त्याची जागा नोंदलेली नसेल, तर तो पुन्हा तसाच बसवणे कोणालाही शक्य होत नाही.