फाळापासून सेन्सरपर्यंत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुतार-लोहारांच्या या मेळाव्यात ट्रॅक्टरातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेविषयी आम्ही बोलणार, याचे काहींस नवल वाटेल. परंतु औत बिघडले की शेतकऱ्याने प्रथम आपल्या दारी यावे, ही सातारा-सांगलीकडील गावोगावची रीत होती. फाळ पाजविणे, तिफणीचे फण सारख्या अंतरावर बसविणे, नांगर किती खोल जाईल ते ठरविणे, हे सारे नजरेचे व मापाचे काम आपल्या वाडवडिलांनी बलुत्यावर केले. औत बदलले, नजरेची आणि मापाची गरज मात्र संपली नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

नवे अवजार आले की शंका येतेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल असे शेतकऱ्यांस भय वाटे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही हे नांगर विकण्याचे काम काही काळ केले होते. आज तसेच भय ट्रॅक्टरातील ‘कॉम्प्युटर’विषयी आहे. २०२३ च्या आरंभापासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले. अशा इंजिनांत डिझेल केव्हा व किती फवारावे, हे आता बहुधा ई.सी.यू. नावाची पेटी ठरविते. सेन्सर हे तिचे डोळे आणि कान होत.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर चढावर दम सोडू लागला आणि त्याचा तांबडा दिवा लागला. एका ठिकाणी स्कॅनर जोडला. डिझेलच्या दाबाच्या सेन्सरचा कोड आला, म्हणून सेन्सर बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तोच दिवा! आणखी एक भाग बदलला. आठ दिवसांची वाहतूक बुडाली, पैसा गेला तो निराळाच. अखेर आपल्याच समाजातील एक मुलगा आला. त्याने कोड वाचला, पण केवळ त्यावर विसंबला नाही. सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट त्याने मल्टिमीटरने मोजले. ते स्थिर नव्हते. मग बॅटरीचे ऋण टोक आणि चासी यांमधील फरक पाहिला. तेथे जवळजवळ शून्य हवे, पण आकडा एक व्होल्टाच्या वर! अर्थिंगच्या तारेखाली गंज धरला होता. तो घासून बोल्ट आवळताच ट्रॅक्टर चालू लागला.

यातील बोध असा की, कोड हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. डिझेलचा दाब कमी पडण्यास तुंबलेला फिल्टर, डिझेलातील पाणी, सैल प्लग किंवा तुटकी तार यांपैकी काहीही कारण असू शकते. स्वस्त कारणे आधी तपासावी, महाग भागास हात शेवटी घालावा.

दुसरी गोष्ट माप जुळविण्याची. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर कारखान्याने त्याचा स्वतंत्र अंक कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसविल्यावर तो अंक ई.सी.यू.मध्ये भरावा लागतो. न भरल्यास इंजिन थरथरते, धूर सोडते. इलेक्ट्रॉनिक लिफ्टचा सेन्सर बदलला, तर लिफ्ट अगदी खाली कोठे व अगदी वर कोठे, हे यंत्रास नव्याने शिकवावे लागते. तिफणीचे फण जुळविणे आणि हे, तत्त्वतः एकच काम आहे.

आपल्या वेल्डिंगवाल्या बंधूंस दोन सूचना. अशा ट्रॅक्टरावर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व ई.सी.यू.चे प्लग सोडवावे, आणि अर्थचा चिमटा जोडाजवळच लावावा. नाहीतर पेटी जळते. तसेच चालू इंजिनाची डिझेलची नळी कधीही ढिली करू नये, गळती बोटाने चाचपू नये. तेथील दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असू शकतो. ती धार कातडीत शिरते.

आता कबुली देतो. तो मुलगा आमच्याच वर्गातला. दहावीत तो कसाबसा पास झाला, तेव्हा “याच्या शिक्षणावर आणखी खर्च करू नका,” असे त्याच्या वडिलांस आम्हीच सांगितले होते. त्यांनी ऐकले नाही. मुलास आय.टी.आय.मध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमास घातले. आमचे अनुमान चुकले, त्या पित्याचे खरे ठरले.

आपले मंडळ दरवर्षी डॉक्टर-इंजिनियर होणाऱ्यांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. परंतु शिष्यवृत्तीचा काही भाग या मुलांसाठी राखून ठेवावा, आणि पुढील वर्षी याच व्यासपीठावर त्यांनाही नारळ द्यावा, अशी आमची मंडळास नम्र विनंती आहे. ज्या हातांनी नांगर घडविला, त्यांच्या नातवंडांस मल्टिमीटर हाती धरण्यात कमीपणा कसला?