उद्याचा कॅमेरा : अटकळ आणि आधार



या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय, शेती, आरोग्य अशा विषयांवर अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. त्यांच्या मागोमाग कॅमेऱ्याचा विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो. त्यातून माझा विषय आज दुकानात असलेल्या कॅमेऱ्याचा नाही. अद्याप जन्माला न आलेल्या कॅमेऱ्याविषयी मला बोलायचे आहे. 'बाजारात तुरी' एवढे शब्द आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आलेच असतील. आले असतील तर ते योग्यच आहे, कारण माझे सारे व्याख्यान त्या म्हणीभोवतीच फिरणार आहे.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. छायाचित्रणाचा नाद तरुणपणापासूनचा. त्यामुळे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथली लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी मुले माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, आता घेऊ, का नवा येईपर्यंत थांबू?" हा प्रश्न हौसेचा नाही. कॅमेरा आणि दोन लेन्स म्हणजे काही लाखांचे काम. त्यासाठी सोने गहाण पडते, पतपेढीचे कर्ज होते आणि त्याची फेड एका लग्नसराईवर अवलंबून असते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे.

आधी 'मिररलेस' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा तिरपा बसवलेला असे. लेन्समधून आलेले दृश्य तो वर डोळ्यापर्यंत पोचवी आणि बटण दाबताच क्षणभर बाजूला होई. या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सला फिल्मपासून दूर बसावे लागे. निकॉन कंपनीने 1959 साली जो 'एफ' माउंट काढला, त्यात हे अंतर 46.5 मिलिमीटर होते. माउंट म्हणजे बॉडीवरची लेन्स अडकवण्याची कडी. 2018 साली त्याच कंपनीने आरसा काढून टाकलेले झेड 7 आणि झेड 6 हे कॅमेरे आणले. आरसा गेल्याबरोबर ते अंतर 16 मिलिमीटरवर आले, आणि कडीचा आतला व्यास 44 वरून 55 मिलिमीटर झाला. कडी रुंद आणि जवळ झाली, की लेन्स घडवणाऱ्याला मोकळीक मिळते. त्याच वर्षी कॅनननेही आपली नवी कडी आणली. सोनी, पॅनासॉनिक, फुजीफिल्म हे तर या वाटेवर आधीच निघाले होते.

कॅमेरा बदलला एवढीच ही गोष्ट नाही. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते. लेन्स वीस-वीस वर्षे चालते. आणि कडी? एफ कडीने साठीच्या घरात पोचेपर्यंत साथ दिली. म्हणून कडी हे कंपनीने दिलेले वचन असते. उद्याच्या कॅमेऱ्याची अटकळ बांधायची, तर 'कोणता नंबर येणार' हे विचारण्याआधी 'वचन कोणते आहे आणि ते कसे पाळले गेले' हे विचारावे.

आता अफवा कुठून उठतात ते पाहू. पहिला उगम पेटंटचा. एखाद्या लेन्सच्या रचनेचे पेटंट प्रसिद्ध झाले, की ती लेन्स आलीच असे लोक धरून चालतात. पण कंपन्या अनेक रचनांची पेटंटे घेतात आणि त्यांतल्या थोड्याच कारखान्यापर्यंत जातात. पेटंटावरून विचार कळतो, निर्णय कळत नाही. दुसरा उगम नोंदणीचा. आजच्या कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असते, म्हणून बाजारात येण्यापूर्वी कित्येक देशांत त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ही खूण अधिक भरवशाची आहे. काहीतरी येत आहे हे तिच्यावरून कळते. ते काय आहे आणि किती रुपयांना आहे, हे मात्र कळत नाही. तिसरा उगम खुद्द कंपनीचा, म्हणजे तिने जाहीर केलेली आगामी लेन्सची यादी. आणि चौथा उगम, 'अमक्याने तमक्याला सांगितले' हा. त्याविषयी न बोलणेच बरे.

तिसऱ्या उगमाचे एक उदाहरण देतो. निकॉनने 2018 साली जी यादी दिली, तिच्यात 58 मिलिमीटरची एफ 0.95 ही असामान्य लेन्स होती. ती 2019 साली खरोखर आली. पण 2019 च्या सुमारास त्याच यादीत 200 ते 600 मिलिमीटरची एक झूम लेन्स घातली गेली. पक्ष्यांचे फोटो काढणारे तिची वाट पाहत राहिले. ती उजाडली 2023 साली, आणि तीसुद्धा 180 ते 600 अशा आकड्याची होऊन! कंपनीच्या स्वतःच्या लेखी शब्दाला जर चार वर्षे लागतात आणि आकडाही बदलतो, तर चौथ्या उगमाच्या शब्दावर सोने गहाण ठेवावे काय?

यावर कोणी म्हणेल, मग अटकळ बांधूच नये का? बांधावी, परंतु तिला आधार असावा. निकॉनचा झेड 9 हा 2021 साली आला. त्यात यांत्रिक शटरच नव्हते, आणि आतला प्रोसेसर नवा होता. तोच प्रोसेसर 2023 साली झेड 8 व झेड एफमध्ये, 2024 साली झेड 6 तीन आणि झेड 50 दोनमध्ये, आणि 2025 साली झेड 5 दोनमध्ये उतरला. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरचा गुण जवळजवळ सर्वांत खालच्या पायरीवर यायला साडेतीन वर्षे लागली. यावरून मी एवढेच अनुमान काढतो : उद्या जो नवा महागडा कॅमेरा येईल, त्यातील चांगला भाग तीन-चार वर्षांत तुमच्या-माझ्या ऐपतीत येण्याचा संभव आहे. आज मधल्या पायरीवर जे मिळते, ते मात्र कालच्या शिखरावरचेच आहे.

दुसरे अनुमान वेगाचे. सेन्सर दृश्य एका दमात वाचत नाही. ओळीमागून ओळ वाचतो. मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली आवाज न करता फोटो काढला, की नवरीच्या शालूवर काळे पट्टे येतात ते यामुळेच. सेन्सर जितका लवकर वाचेल, तितका हा दोष कमी होतो. सोनीने 2023 साली सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा जाहीर केला. तेव्हा पुढची वाट या दिशेची आहे हे सांगायला ज्योतिषी नको. तारीख मात्र मी सांगणार नाही. दिशा सांगता येते, तिथी सांगता येत नाही.

आता आपल्या मातीतला दाखला घेऊ. मृग निघाला म्हणून कोरड्या रानात धूळपेरणी करणारा शेतकरी आपण पाहिला आहे. पाऊस लांबला की त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. आणि आणखी एक पाऊस पडू दे, आणखी एक पडू दे, असे म्हणत वाफसा घालवून बसणाराही आपण पाहिला आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने नवे मॉडेल दिवाळीपूर्वी येणार असे ऐकून आपली बॉडी आणि लेन्स मिळेल त्या किमतीला विकली. दिवाळी गेली, तुळशीचे लग्न लागले, लग्नतिथी सुरू झाल्या; मॉडेल आले नाही. सारी सराई त्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढली. कमाई भाड्यात गेली. मॉडेल उन्हाळ्यात आले तेव्हा त्याच्या हाती पैसा उरला नव्हता. ही धूळपेरणी.

वाफसा घालवल्याची गोष्ट माझीच आहे. माझी आई अंगणात बाजेवर वड्या घालीत बसे. त्या सकाळच्या उन्हात तिचा फोटो काढायचे माझ्या मनात होते. जुना कॅमेरा कपाटात होता, लेन्स चांगली होती. 'नवा आला की काढू' असे मी दोन वर्षे म्हणत राहिलो. नवा आला. आई त्याआधी गेली. आज माझ्याजवळ उत्तम कॅमेरा आहे, आणि रिकामे अंगण आहे.

आता विचारणाऱ्या मुलांना मी काय सांगतो ते सांगतो. लग्नाच्या सुपाऱ्या हाती असतील, आणि हातातल्या कॅमेऱ्याने काम अडत असेल, तर आज मिळतो तो घ्या. अडत नसेल तर पैसा लेन्समध्ये घाला. लेन्स नव्या कडीची घ्या, म्हणजे उद्याच्या बॉडीलाही ती चालेल. जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर मिळते; पण ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा फोकस निकॉनच्या अडॅप्टरवर हातानेच लावावा लागतो. विकत घेण्यापूर्वी आपली लेन्स नेऊन लावून पाहा. आणि हळदीच्या कार्यक्रमात लेन्स बदलू नका! आरसा गेल्यामुळे बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. वसमतची हळद बाजारात सोने असेल. सेन्सरवर ती डागच आहे.

कर्ज काढून कॅमेरा घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवल्या, 1912 साली ते लंडनला गेले, जाणत्यांचा सल्ला घेतला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. परतल्यावर वाटाण्याचे रोप कसे उगवते याची छोटी फिल्म त्यांनी त्याच कॅमेऱ्यावर घेतली. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कर्ज त्यांनीही काढले. पण ते हाती घेऊन पाहता येईल अशा यंत्रासाठी आणि मनात पक्क्या झालेल्या कामासाठी काढले.

तात्पर्य, येणाऱ्या कॅमेऱ्याविषयी जरूर वाचा, तर्क करा, वादही घाला. त्यात बुद्धीला व्यायाम आहे. परंतु कर्ज काढताना हातातल्या कामाकडे पाहा. आणि घरी एखादे म्हातारे माणूस उन्हात बसले असेल, तर उद्याच्या कॅमेऱ्याची वाट न पाहता आज जो असेल त्याने, मोबाईल असेल तर मोबाईलने, त्याचा फोटो काढा.