एलीयाची उरलेली दोन कामं

आज पदवी घेऊन सेवेला निघालेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

आजचा दिवस आनंदाचा आहे आणि तो तुम्ही मनापासून साजरा करा. तरीही मी निराशेविषयी बोलणार आहे. निराशा तुमच्यापैकी प्रत्येकाला गाठणार आहे. ती येईल तेव्हा हे सभागृह, हे गुरुजन, शेजारच्या खोलीतला मित्र, यांतलं कुणी जवळ नसेल. म्हणून तिची ओळख आजच झालेली बरी.

तुमच्यातले काही जण अहिल्यानगर, बीड, जालना या भागांतल्या खेड्यांमधल्या मंडळ्यांत जातील. पहिले काही महिने उत्साहात जातील. मग दिवाळी सरेल, मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतील आणि तुमची अर्धी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून साखर कारखान्यांकडे जाईल. रविवारी सकाळी तुम्ही देऊळ झाडाल, सतरंज्या अंथराल, पेटी काढून ठेवाल आणि वाट पाहाल. चार म्हाताऱ्या येतील, त्यांच्या मागे काही नातवंडं येतील. आठवडाभर तयार केलेला उपदेश तुम्ही त्यांच्यासमोर कराल. नाताळही तसाच जाईल. त्यात मानधन दोन महिने थकलेलं, पंच मंडळींत जागेवरून वाद, आणि शहरात नोकरीला लागलेल्या धाकट्या भावाचा फोन. त्या रात्री मनात प्रश्न येईल, की मला पाचारण खरंच झालं होतं का?

हा प्रश्न पडला म्हणून स्वतःला अविश्वासू समजू नका. पवित्र शास्त्रात तो भल्याभल्यांना पडला आहे. त्यांतला एलीया संदेष्टा मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर तुम्ही वर्गात निबंध लिहिले असतील. सेवेत गेल्यावर तो अध्याय पुन्हा सावकाश वाचा.

कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, लोकांनी परमेश्वराचा जयजयकार केला, दुष्काळ संपून पाऊस आला. संदेष्ट्याच्या आयुष्यात याहून मोठा दिवस कोणता? आणि लगेच ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. बर्शेबात तो आपल्या चाकराला मागे ठेवतो आणि एक दिवसाची वाट एकटाच रानात चालत जातो. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो.

आता देव काय करतो ते पाहा. तो त्याला रागावत नाही. कालचं कर्मेल विसरलास का, असंही विचारत नाही. तो त्याला झोपू देतो. मग दूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला सांगतो आणि पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही हेही मान्य करतो. स्वर्गातून आलेल्या दूताने त्या दिवशी एका थकलेल्या माणसाला दोनदा जेवू घातलं. ज्याला आपण आत्मिक दुर्बळता म्हणतो, ती कित्येकदा उपाशी, जागलेल्या आणि एकाकी शरीराची हाक असते, हे त्या भाकरीने मला शिकवलं. तुम्हीही वेळेवर जेवा, झोपा. काही केल्या अंधार हटत नसेल, तर डॉक्टरकडे जा. औषध घेतल्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

पुढे होरेबच्या गुहेत देव त्याला, इथे काय करतोस, असं विचारतो. एलीया तक्रार सांगतो की सगळे फिरले, मी एकटाच उरलो. वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती शांत, मंद वाणी, एवढं सगळं होऊनही तोच प्रश्न आला तेव्हा एलीया तीच तक्रार शब्दही न बदलता पुन्हा सांगतो. दर्शन झालं म्हणून त्याचं मन लगेच उभारलं नाही. मला हे फार खरं वाटतं. आणि देव त्याचं मन उभारण्याची वाट पाहत बसला नाही. त्याने त्याला काम दिलं: परत जा, हजाएलचा अभिषेक कर, येहूचा कर, अलीशाचा कर. आणि जाता जाता सांगितलं की बाल या दैवतापुढे न वाकलेले सात हजार अजून इस्राएलात आहेत.

तीन कामांपैकी एलीयाच्या हातून थेट झालं ते एकच. नांगर धरलेल्या अलीशावर त्याने आपला झगा टाकला. हजाएल राजा होणार हे पुढे अलीशाने सांगितलं. येहूचा अभिषेक अलीशाने पाठवलेल्या एका तरुणाने केला. तोवर एलीया या जगात नव्हता. देवाने दिलेली दोन कामं त्याच्या डोळ्यांदेखत पुरी झाली नाहीत, आणि तरी शास्त्र कुठेही म्हणत नाही की एलीया अपयशी ठरला.

दिलेलं सगळं माझ्याच कारकिर्दीत, माझ्याच हातून पुरं झालं पाहिजे, ही अपेक्षा आपल्या निराशेच्या मुळाशी फार वेळा असते. ती आपल्याला देवाने शिकवलेली नाही.

आपल्याच भूमीतले दाखले घ्या. मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईला पोचले, तेव्हा सरकारने त्यांना परत पाठवायचं ठरवलं होतं. महिनोन्‌महिने अर्ज-विनंत्या केल्यावर राहायची परवानगी मिळाली. मराठी शिकले, शाळा काढल्या, बाजारात उभं राहून बोलले, नव्या कराराच्या भाषांतरात राबले. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मार्च 1826 मध्ये ते नाशिककडे गेले असताना तिथे पटकीची साथ होती. जवळचं औषध त्यांनी रोग्यांना वाटलं आणि परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओवरीत त्याच रोगाने गेले. वय 41. सोबत दोन तरुण मुलं होती. त्या दिवशी कुणी हिशेब मांडला असता, तर काय भरला असता? पण त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. पाच वर्षांनी त्यांच्याच मिशनचं काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झालं आणि 1842 साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. आज इथे बसलेल्या कित्येकांच्या आजे-पणज्यांची नावं त्या भागातल्या मंडळ्यांच्या वह्यांत सापडतील.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य तर आपण पुरेसं वाचतच नाही, अशी माझी तक्रार आहे. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. 1889 साली विधवांसाठी शारदा सदन काढलं. चार वर्षांनी मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजासाठी हाडं झिजवली त्यानेच पाठ फिरवली आणि सदन ओकंबोकं दिसू लागलं. रमाबाईंनी उरलेल्या मुलींचा अभ्यास चालू ठेवला. तीन वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या.

उतारवयात कानांनी साथ सोडलेली असताना त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रितं तपासणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच स्त्रिया होत्या. काहींना अक्षरओळखच तिथे येऊन झाली होती. जुलै 1921 मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. आई पुन्हा भाषांतराकडे वळली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं 1924 साली. कवी नारायण वामन टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ही अपुरंच राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

म्हणून मी तुम्हाला यशाच्या शुभेच्छा देण्याऐवजी काही ठोस सांगतो. रात्री थकलेल्या अवस्थेत राजीनामा लिहू नका. लिहिलाच तर सकाळी जेवून मग वाचा. मंडळी ऊसतोडीला गेली असेल, तर रिकाम्या सतरंज्यांकडे पाहत हंगाम काढू नका. बसने कारखान्यावर जा, फडात जा, संध्याकाळी कोप्यांपुढे चूल पेटलेली असते तिथे बसा, आजारी लेकरासाठी प्रार्थना करा, जमलं तर त्याला दवाखान्यात न्या. जागा बदलावी लागली, पाळकपण सोडून शाळेत किंवा इस्पितळात काम करावं लागलं, तरी पाचारण मोडलं असं समजू नका. आणि घरच्यांना गृहीत धरू नका. सेवा तुमची असली, तरी रिकाम्या डब्यांतून स्वयंपाक काढणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते.

इथे बसलेल्या मंडळ्यांच्या पंचांना आणि धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. दर महिन्याला वेळेवर मानधन देणं हे त्या दूताच्या भाकरीइतकंच पवित्र काम आहे. तरुण पाळक खचला की आपण त्याच्या प्रार्थनेच्या जीवनाची चौकशी करतो. आधी त्याच्या घरातल्या किराण्याची चौकशी करा.

आणि पदवीधरांनो, एलीयाची एक गोष्ट करू नका. चाकराला बर्शेबात ठेवून रानात एकटे जाऊ नका. तुमच्या वर्गातला, किंवा तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा असा एक माणूस निवडा, ज्याला महिन्यातून एकदा फोन करून, मला आता जमत नाही, असं लाज न वाटता सांगता येईल. त्यालाही तेच सांगायची मुभा द्या. आज जेवणाच्या पंगतीत त्याला गाठा, नंबर घ्या, दिवस ठरवा आणि मगच गावाकडची गाडी पकडा.