शेवटची पंगत

(राहाता येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आणि अंगात कणकण असतानाही आम्ही ती तत्काळ मान्य केली. 'नाही' म्हटले तर मंडळींस काय वाटेल, ही भीती! आजचा विषय तोच असल्याने आरंभीच हा कबुलीजबाब दिलेला बरा.

राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. आमच्या बालपणी घरी पेरूंची पाटी येई. उत्तम फळे पाहुण्यांना, मग पुरुषांना, मग मुलांना. पाखरांनी टोचलेले राही ते आईला. विचारले तर ती म्हणे, "मला असलाच गोड लागतो." आम्ही ते कित्येक वर्षे खरे मानले. कदाचित तिनेही मानले असेल, आणि खरी मेख येथेच आहे. त्याग करणाऱ्याला आपण काय सोडले हे ठाऊक असते. येथे इच्छा उगवण्यापूर्वीच खुडली जाते, आणि त्या खुडण्याला आपण सोशिकपणा म्हणून गौरवितो.

थोरांचीही यातून सुटका नाही. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांची प्रथम पत्नी निवर्तली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून ११ वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पुढे पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानाबद्दल, मित्रांच्या अडचणी ध्यानी घेऊन, १८९२ साली प्रायश्चित्तही घेतले. सुधारकांनी त्यांना बोल लावले ते लावलेच.

रमाबाईंची गोष्ट याहून सूक्ष्म. त्यांनी शिकावे ही पतीची इच्छा. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते खपत नसे. एकास राजी करावे तर दुसरी बाजू रुसे. टोमणे त्यांनी मुकाट्याने सोसले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ते सारे आले आहे. परंतु पुस्तक हातचे सोडले नाही. पतीच्या इच्छेने हाती घेतलेली विद्या पुढे त्यांची स्वतःची झाली. १९०९ पासून पुण्यात त्यांनी उभे केलेले सेवासदनाचे कार्य कोणास खूश करण्यासाठी नव्हते.

आता आपल्या घरांकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. कारणे अनेक आहेत. परंतु शेवटच्या पंगतीपर्यंत भाजी उरत नाही, हे कळण्यास डॉक्टर लागत नाही.

हे ओळखावे कसे? "तुला काय हवे?" या प्रश्नाला विचार करण्यापूर्वीच "तुम्ही म्हणाल ते" असे उत्तर येते काय, हे पाहावे. होकार दिल्यावर मनात राग धुमसतो काय, दुखणे सांगताना अपराधी वाटते काय, हेही पाहावे. पुरुषांनी हसू नये. मानपानात उणे दिसू नये म्हणून कर्ज काढणारे बहुधा आपणच असतो. आणि आपले मंडळ? "त्यांनी आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितले नाही" हे वाक्य दरवर्षी या स्मरणिकेच्या श्रद्धांजलीत आपण स्तुती म्हणून छापतो. काही वेळा ते आम्हीच लिहिले आहे.

आज स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींची पंगत प्रथम बसवावी, अशी विनंती आम्ही चिटणिसांना केली. त्यांनी लगेच होकार दिला. मग पाहुणे काय म्हणतील, म्हणून विचारात पडले. पाने बारा वाजता मांडायची आहेत.